आगरबंदरची रडणारी भिंत

माझ्या लेकीचं, जयाचं, लग्न झालं त्या साली, म्हणजे १९८४च्या श्रावणात, मुलुंडच्या खाडीकडलं आगरबंदर स्टेशन रडू लागलं. मिठाच्या गाड्यांसाठी टाकलेला तो रेल्वेचा फाटा बंद होऊन वीस वर्षं झाली होती. रूळ उचलून नेले, उरली ती गोदामाची एक भिंत. तिच्यावरून थेंब ओघळत होते आणि समोर तीनशे माणसं हात जोडून उभी होती.

"गाडी गेली, रूळ गेले, आई मात्र स्टेशनातच राहिली!" देवीचा भगत शिवदासबाबा गरजत होता. "चाखा! खारट आहे की नाही? मग अश्रूच ना?"

त्या गोदामात मी बारा वर्षं गोणी वाहिल्या. माझ्याच टोळीतला दशरथ शेजारी उभा होता.

"दशरथ, याच भिंतीला आपण मीठ रचायचो ना रे?"

"रचायचो. पण तेव्हा कुठं रडायची?"

"दर पावसाळ्यात भिजायची की. गोणी ओल्या झाल्या म्हणून मुकादम शिव्या घालायचा, विसरलास?"

"गप ना यार. आई ऐकतेय."

शेजारच्या द्रौपदीची सुलक्षणा आठ वर्षांची. मूत्रपिंडं बिघडून तिचं तोंड, पाय सुजले होते. डॉक्टरांची चिठ्ठी मीच वाचून दाखवली होती. प्रौढ साक्षरता वर्गात जाऊन मला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. 'मीठ पूर्ण बंद.' आणि द्रौपदी तिला रोज वाटीत धरून ते अश्रू पाजत होती.

मी त्या भिंतीची एक निखळलेली वीट घरी आणली, चुलीजवळ वाळवली, फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी वीट घामाघूम. द्रौपदीला बोलावलं.

"बघ गं. विटेत मुरलेलं मीठ हवेतली ओल ओढतं. तुझ्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ना, तसंच. पोरीला तू मीठच पाजतेयस. बंद कर."

ती विटेकडं बघत राहिली. मग डोक्यावर पदर घेऊन वाकली. "भाऊरावकाका, आई तुमच्या घरीपण आली!"

दुपारपर्यंत माझ्या दारात रांग. पहिला नारळ दशरथनं आणला. मी वीट खाडीत फेकली, तर चाळीनं मला पापी ठरवलं.

देवाला मानायचं तर माना. पण थेंब तोंडात घालण्याआधी तो आला कुठून, एवढं विचारा. भिंतीला नमस्कार करा, औषध डॉक्टरांचं घ्या.

ऑक्टोबरात हवा कोरडी झाली आणि भिंत थांबली. बाबा म्हणाला, आई शांत झाली. सुलक्षणा त्याआधीच, ३० ऑगस्ट १९८४ रोजी, वारली.