हलकं पिस्तूल आणि जड डबा

बिडाचा तवा क्लबचा आहे, आमचा नाही. हे आधीच सांगतो, कारण नऊ वर्षं तो आमच्याच चुलीवर होता आणि मला स्वतःलाच त्याचा विसर पडला होता.

टॅमरॅक फोर्क या आमच्या गावात दर सप्टेंबरात क्लबची डोंगरावरची नेमबाजी असते. कमरेला पिस्तूल लावायचं, चार मैल चढायचं आणि वर पोचलं की लोखंडाच्या सहा थाळ्या पाडायच्या. ज्याच्या जास्त पडतील त्याच्या घरी तवा वर्षभर राहतो. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, जिंकणाऱ्याने त्याच तव्यावर शेवटच्या नंबराला नाश्ता करून घालायचा. नियम एकच: पिस्तूल ज्याचं त्याच्या कमरेला. तो मी आणि हार्लनने लिहिला. हार्लन माझा शेजारी. गावातलं बंदुकांचं दुकान त्याचंच.

नऊ वर्षं तवा माझ्या बायकोने, अर्लेटाने, जिंकला. मी त्यातली आठ वर्षं दुसरा आलो. फेब्रुवारीत अर्लेटा गेली. तेव्हापासून मी रोज सकाळी त्या तव्यावर दोन अंडी करतो. एक मी खातो. दुसरं का करतो ते विचारू नका.

या वर्षी हरलो तर तवा जाणार होता. मला तो जाऊ द्यायचा नव्हता. एवढंच.

आमचं तीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडण होतं. माझं पिस्तूल पोलादी, बेचाळीस औंसांचं. हातात दगडासारखं स्थिर राहतं. पण चढताना माझी पँट एका बाजूने ओघळायची आणि अर्लेटा मागून ओरडायची, "व्हर्लिन, गावाला काय काय दाखवणार आहेस?" तिचं हलकं, पंचवीस औंसांचं. ती हकलबेरीची फळं तोडायला जायची तेव्हाही ते कमरेला असायचं आणि ते आहे हे ती विसरून जायची. मी म्हणायचो, हलकं पिस्तूल फिरायला ठीक, नेमाला नाही. ती नुसती भिंतीवरच्या तव्याकडे बोट दाखवायची.

घरात आमचा एक रिवाज होता. एकमेकांचं पिस्तूल आणि एकमेकांचा दातांचा ब्रश, दोन्हींना हात लावायचा नाही. तो तीस वर्षं पाळला.

ऑगस्टमध्ये मी हार्लनच्या दुकानात गेलो. गुडघा आता पोलादी पिस्तुलासकट चार मैल चढू देईना.

"डोंगराला हलकं घे," हार्लन म्हणाला. "थाळ्यांना पोलादी."

"आणि दोन्हींना?"

"दोन्हींना नवीन गुडघा."

"अर्लेटा हलक्यानेच सहाच्या सहा पाडायची."

"अर्लेटाची गोष्ट वेगळी. तिचा हात होता. तुझं तोंड आहे." मग त्याने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "आणि माझ्याकडे बघू नकोस तसा. तुझ्या गळाचे मणी मी घेतलेले नाहीत."

हेही आमचं जुनं. गळाला लावायचे माझे शिशाचे मणी दर वर्षी गायब व्हायचे. हार्लन उसने नेतो आणि परत करत नाही, अशी माझी खात्री होती. म्हणून मी एकेका मण्याला हिरवा रंग लावला, की त्याच्याकडे सापडले तर मुद्देमालासह पकडता येईल. नऊ वर्षांत एकदाही सापडले नाहीत.

शेवटी मी अर्लेटाचा खण उघडला. "माफ कर," असं मोठ्याने म्हणालो आणि तिचं पिस्तूल घेऊन सरावाच्या मैदानावर गेलो. कमरेला छान वाटलं, नसल्यासारखंच. पण हातात धरलं तर पाखरू धरल्यासारखं. नळी थाळीभोवती फिरायची आणि थाळीवर थांबायची नाही. साठ गोळ्यांत सात थाळ्या पडल्या. घरी येऊन विचार करत बसलो, ही बाई कशी पाडायची? माझा हात एवढा गेला का?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी डबा भरायला घेतला. जुना पत्र्याचा डबा. दर वर्षी तो वर मीच न्यायचो. दोन मैल झाले की मी म्हणायचो, "एवढं काय भरलंयस गं?"

"मीटलोफ. तुझ्या आईच्या पद्धतीचा. खिमा कधी हलका असतो का?"

वर पोचलं की ती डबा हातातून घ्यायची आणि झुडपामागे जायची. अर्लेटाला वर पोचलं की जावंच लागायचं, हे अख्ख्या क्लबला माहीत होतं. एकदा मी विचारलं, डबा कशाला? तर म्हणाली, "कागदाची गुंडाळी त्यात आहे."

"जेवणाच्या डब्यात?"

"मग काय टोपीत ठेवू?"

डबा रिकामाच होता, तरी जड लागला. तळाला तिने शिवलेलं चौकड्यांचं कापड होतं. ते उचललं. खाली एक छोटा पेचकस आणि पिस्तुलाच्या मुठीच्या दोन लाकडी पट्ट्या, तिच्या पिस्तुलावर होत्या अगदी तशाच. एक उचलली आणि हात खाली गेला. उलटी करून पाहिली. आतून कोरलेली, आणि कोरलेल्या जागेत शिशाचे मणी ओळीने चिकटवलेले.

हिरवे.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. मग हसू आलं. फेब्रुवारीपासून आलं नव्हतं, त्यामुळे थांबवायचं कसं तेही आठवेना. चोरटी! डोंगर चढायची हलकं घेऊन, थाळ्या पाडायची जड करून, आणि ते वजन नऊ वर्षं चार मैल वर कोणी नेलं? मी! माझंच शिसं! वर पुन्हा भांडणात हरायचो!

पट्ट्या लावल्या. पेच बसले. पिस्तूल हातात दगडासारखं थांबलं. म्हणजे नेमाला तिलाही जडच बरं वाटत होतं. तीस वर्षं एका शब्दाने बोलली नाही.

हार्लनला फोन लावला.

"हार्लन, तू चोर नाहीस."

"हे तुला आज कळलं? पिऊन आहेस का?"

"नाही."

"मग रडतोयस का?"

"नाही रे, हसतोय."

"मग हस बाबा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

जड पट्ट्या काढून पुन्हा डब्यात ठेवल्या. आता तवा राखणं सोपं होतं. नियमात पिस्तूल म्हटलं होतं, मुठीचा उल्लेख नव्हता. अर्लेटानेही मनाशी हेच म्हटलं असणार. फक्त डबा उचलायला कोणीतरी हवं होतं.

शनिवारी पायथ्याशी मी ट्वायलाला गाठलं. ट्वायला म्हणजे अर्लेटाची धाकटी बहीण. सहासष्ट वर्षांची, कमरेला पोलादी पिस्तूल, आणि तव्यावर नऊ वर्षं डोळा.

"ट्वायला, गुडघा दुखतोय. माझा डबा घेशील?"

"तुझा तवा पण घेईन. दे इकडे."

पहिला मैल ती बडबडत होती. दुसऱ्या मैलाला गप्प झाली. तिसऱ्याला थांबली, डबा कानाशी धरून हलवला आणि माझ्याकडे वळली.

"व्हर्लिन. यात काय आहे?"

"मीटलोफ," मी म्हणालो.

ट्वायला हळूच एका दगडावर बसली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, बहिणीची आठवण आली. जवळ गेलो तर ती हसत होती, आवाज न करता, तोंडावर टोपी धरून.

"सापडलं तुला!"

"तुला माहीत होतं?"

"अरे, माझ्याच गॅरेजमध्ये कोरल्या आम्ही त्या! हिरवे मणी बघून ती म्हणाली, बघ, ह्याने रंग लावून दिलेत, म्हणजे आता मोजायलाही सोपे!"

त्यानंतरचा मैल आम्ही कसा चढलो ते सांगता येत नाही. ती म्हणायची "मीटलोफ," की मी झाड धरायचो. मी म्हणायचो "कागदाची गुंडाळी," की ती खाली बसायची. मागून येणाऱ्यांना वाटलं आम्ही प्यायलोय.

वर पोचल्यावर मी डबा घेऊन झुडपामागे गेलो.

"कागद आहे ना रे डब्यात?" ट्वायला सगळ्यांसमोर ओरडली.

हसू अजून आवरत नव्हतं. एका बाजूचे पेच काढले, जड पट्टी लावायला घेतली, आणि पेच बोटांतून उडाला. पाइनच्या वाळलेल्या पानांत पडला. मी गुडघ्यांवर बसून शोधतोय, हसतोय, आणि हार्लन पुकारतोय, "व्हर्लिन! पुढचा नंबर तुझा! की तिथेच राहतोस?"

पेच सापडला नाही. तसाच बाहेर आलो. एका बाजूला हलकी पट्टी, दुसरी बाजू उघडी. रेषेवर उभा राहिलो, पिस्तूल उचललं. पहिली थाळी दिसली. मग मला दिसलं, नऊ वर्षांपूर्वी मी इथेच घाम पुसत उभा आहे आणि झुडपामागून अर्लेटा तोंड अगदी गंभीर करून बाहेर येते आहे.

पहिली गोळी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही.

"डोंगराला तरी लागली का?" हार्लनने विचारलं.

सहा गोळ्या, शून्य थाळ्या. क्लबच्या इतिहासात शून्य कोणाला मिळालं नव्हतं. ट्वायलाने डोळे पुसत पुसत चार पाडल्या, बाकीच्यांपैकी कोणी तीनच्या पुढे गेलं नाही. स्वतःचं पोलादी पिस्तूल आणि माझं शिसं, दोन्ही वर वाहून नेऊन ती जिंकली.

उतरताना ट्वायलाने हिरव्या मण्यांची गोष्ट अख्ख्या क्लबला सांगून टाकली. मी घरी गेलो, तवा खिळ्यावरून काढला. भिंतीवर त्याच्या मागे रंग अजून नवा होता, गोल. तवा कागदात गुंडाळून तिला देऊन आलो. रात्री वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू.

रविवारी सकाळी आठ वाजता ट्वायलाच्या दारात उभा होतो. शेवटचा नंबर म्हणून माझा हक्कच होता. तिने तव्यात लोणी टाकलं, दोन अंडी फोडली.

"मग ठरलं का?" तिने पाठमोरीच विचारलं. "पोलादी बरं की हलकं?"

"हलकं. आणि डबा उचलायला नवरा."

"माझा नेवाडाला पळाला."

"मग मेहुणा."

तिने उलथनं माझ्यावर उगारलं. मग दोन्ही अंडी माझ्या ताटलीत वाढली. मी एक बाजूला सरकवलं, सवयीने. ट्वायलाने पाहिलं, खुर्ची ओढली, काटा घेतला आणि ते खाऊन टाकलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षीचे मणी लाल रंगव. हिरवे आता सगळ्यांना माहीत झालेत."