उतरल्याचा फोन

मोठ्या सिस्टरांनी मोबाइल रुमालात गुंडाळला, टेबलाच्या खणात ठेवला आणि किल्ली फिरवून एप्रनच्या खिशात टाकली. पलंगाच्या कडेला बसलेल्या मावशींची नजर किल्लीच्या मागोमाग खिशापर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

"बंद तर केला नाहीत ना?"

"नाही. वाजला तर वाजू दे. तुम्ही उठायचं नाही, एवढंच आजचं काम."

"आणि त्याला काही झालं तर?"

"तुम्ही फोन उचललात म्हणून ते टळणार आहे का?"

टळतं, असंच मावशींचं पक्कं मत होतं. फक्त सिस्टरांसमोर ते बोलायची सोय नव्हती.

मावशींचा मुलगा वायरमन. विजेच्या खांबावर चढण्याआधी एक फोन आईला, उतरल्यावर दुसरा. वडील गेल्यावर त्यानेच ही पद्धत पाडली होती. या दोन फोनच्या मधल्या वेळात मावशींच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. पुढे तो मधला वेळ पसरत पसरत सगळा दिवस खाऊन बसला. छातीत धडधड, हातापायांना घाम, जीव आता जातो की मग जातो. मग मावशीच फोन करू लागल्या. त्याला, त्याच्या साहेबांना, साहेबांच्या घरी. एकदा तो खांबावर असताना फोन वाजला, खिशाकडे हात गेला आणि तोल सुटला. कमरेच्या पट्ट्यामुळे वाचला. दुसऱ्याच दिवशी आईला इथे, मानसोपचाराच्या वॉर्डात, घेऊन आला. "आई, एक दिवस तुझ्या काळजीनेच मरेन मी," असं तो हसत म्हणाला होता. वॉर्डात कुणी हसलं नव्हतं.

मावशींच्या फोनमध्ये त्याने स्वतःचाच आवाज भरून दिला होता. तो फोन करी तेव्हा घंटेऐवजी वाजे, "आई, मी आहे गं, धडधाकट!" वॉर्डातल्या आयाबाई त्याची हुबेहूब नक्कल करत. मावशींचं 'कंट्रोल रूम' हे बारसंही त्यांचंच.

कोण कुणाला ऐकू जावं म्हणून ओरडतं आणि कोण कुणावर रुसून गप्प बसतं, हा प्रत्येक पेशंटचा जमाखर्च मोठ्या सिस्टरांना तोंडपाठ होता. मावशींचा मात्र जुळत नव्हता. त्यांच्या भीतीतून माया वजा करायला गेलं की हाती काहीच उरत नसे. तरी सिस्टर नेटाने लागल्या होत्या. त्यांचा पहिला नियम, खोटं बोलायचं नाही. घाबरलेल्या माणसाला खोटं लांबून ऐकू येतं. "काही होणार नाही," असं त्या कधीच म्हणत नसत. "काय होईल ते मला ठाऊक नाही. आत्ता तळवे जमिनीला टेकलेत का, तेवढं सांगा," म्हणत. आजचा दिवस फोनशिवाय निभावला, तर मावशींना घरी पाठवायचं असं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. मुलालाही बजावलं होतं, आज फोन करू नकोस.

डॉक्टरांबरोबरची फेरी आटोपून सिस्टर परतल्या, तेव्हा मावशी धुऊन आलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. कोपऱ्याला कोपरा जुळवून, अगदी सावकाश.

"कंट्रोल रूमला आज सुट्टी वाटतं!" आयाबाई म्हणाल्या.

"सुट्टी कसली? बदली झाली माझी. आता तू सांभाळ."

आयाबाई खळखळून हसल्या. सिस्टरांनी मावशींच्या पायांकडे पाहिलं. तळवे जमिनीवर घट्ट टेकलेले होते.

"शाबास, मावशी."

"आज एक मोठं काम केलंय मी. मागाहून सांगते."

"आत्ताच सांगा की."

"नाही. अजून अर्धंच झालंय."

सिस्टर हसल्या. तेवढ्यात खणात फोन वाजला. साधी घंटा. मावशींचे हात घडीवर थांबले.

सिस्टर फोन घेऊन व्हरांड्यात गेल्या. पलीकडे सून होती. ती रडत नव्हती, कुणी लिहून दिलेलं वाचावं तशी सांगत होती. नाश्ता करून गेले. खांबावर होते. कुणीतरी लाइन चालू केली. खाली उतरवलं तेव्हा काही उरलं नव्हतं. आईंना सांगू नका, मी येते.

त्या आत आल्या तर मावशी दाराकडेच बघत होत्या.

"त्याची घंटा नव्हती ही."

सिस्टर स्टूल ओढून समोर बसल्या आणि त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मावशी ओरडल्या नाहीत. मांडीवरचा टॉवेल तेवढा मुठीत आला.

"कधी?"

इतक्या वर्षांत आजच्या एका सकाळी या बाईने काळजी खाली ठेवली होती, तीही त्यांच्या शब्दाखातर.

"पहाटे," सिस्टर म्हणाल्या. "रात्रपाळीला बोलावलं होतं म्हणे. तेव्हा तुम्ही जाग्याच होतात, मावशी. घाबरतच होतात. तरीही..."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चुरगळलेला टॉवेल मांडीवर पसरून तळव्याने सपाट केला.

"नाश्त्यानंतर वाजला होता त्याचा," त्या म्हणाल्या. "चढण्याआधीचा. नको म्हटलं तरी केलाच बघा. रुमालातून दबका ऐकू आला, धडधाकट. मी उठले नाही, सिस्टर. उतरल्याचा वाजला की दोन्ही एकदम सांगणार होते तुम्हाला."

सिस्टरांनी फोन पुढे केला. मावशींनी तो घेतला, पदराने काच पुसली, रुमालात नीट गुंडाळला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"खणात ठेवा. कुलूप घाला," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी त्याला फोन करत बसेन."