लुटलेलं घर

घरात मरण आलं की माणूस रडतं, गप्प बसतं, देवाला शिव्या घालतं. आमच्या ह्यांनी डिक्शनरी काढली.

स्वानंदी आमची एकुलती एक लेक. पहिल्या बाळंतपणाला सांगलीहून साताऱ्याला आमच्याकडे आली आणि मयूरीला माझ्या हातात ठेवून गेली. ते चौऱ्याण्णव साल. हे तेव्हा साताऱ्यातच शाळेत इंग्रजी शिकवायचे. शाळेकडून इंग्रजीत शोकसंदेश आला, त्यात आम्हाला ‘बिरीव्हड फॅमिली’ म्हटलं होतं. झालं! भेटायला येईल त्याला हे ऐकवायचे, “बिरीव्हड म्हणजे नुसता दुःखी नव्हे हो. मूळ अर्थ लुटलेला. ज्याचं कुणीतरी जबरदस्तीनं हिसकावून नेलंय तो. रॉब हा शब्दही त्याच कुळातला.” लोक बिचारे माना डोलवायचे. मला असा संताप यायचा! लेक गेली आणि हा माणूस शिकवणी घेत बसलाय. डोळ्यांत टिपूस नाही. पण एकदा भाजी निवडता निवडता मनात आलं, खरंच की. माझ्या घरातून, माझ्या डोळ्यांदेखत नेली तिला. मग मी त्यांना टोकायचं सोडलं.

मयूरी आमच्याकडेच वाढली. जावई सुमंत सांगलीत हळदीचा व्यापार करायचे, महिन्या-दोन महिन्यांनी येऊन लेकीला भेटून जायचे. सरळ माणूस, त्यामुळे राग काढायलाही जागा नाही. तीन वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं. करा म्हणून आम्हीच मागे लागलो होतो. आणि मग फोन आला, “रविवारी पल्लवीला घेऊन येतो. मयूरीला आता घरी न्यावं म्हणतोय.”

“मी देणार नाही,” मी ह्यांना सांगितलं. “दुसऱ्यांदा लुटलेल्याला काय म्हणतात ते बघा तुमच्या डिक्शनरीत.”

ह्यांनी डिक्शनरीला हातही लावला नाही.

बोलली ती शेजारची अंबूबाई. “आवं वैनी, पोरगी बापाची हाय. आज न्हाई तर उद्या जानारच. त्या बाईला लेक माना, चांगली वटी भरा तिची. तिला हितं म्हायेर गावलं, तर ती पोरीला सावत्र म्हननार न्हाई.”

मला तिचा रागच आला. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

रविवारी पल्लवी आली. स्वानंदीच्याच वयाची, अंग चोरून उभी. गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा टाक होता. दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाने घालते तो. माझी लेक आता तेवढीच उरली होती.

मी पाट मांडला. हळदकुंकू लावलं, खण, नारळ आणि तांदूळ तिच्या पदरात घातले. निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. ते वेचत ती हळूच म्हणाली, “आई, मी नीट सांभाळीन तिला.” चांगली पोर होती हो! तिचा तिरस्कार करता आला असता तर किती सोपं झालं असतं. मी मयूरीला उचललं आणि तिच्या मांडीवर दिलं.

हे दाराशी उभे होते. “शरयू, तो शब्द आपला नाही गं,” म्हणाले. “लुटलेल्याला निदान ओरडता तरी येतं.” आणि तीन वर्षांत पहिल्यांदा, जावयासमोर, लहान मुलासारखे रडले. सुमंतही रडले.

स्टँडवर जायला रिक्षा आली. मयूरी नव्या फ्रॉकात ऐटीत चढली, कोपऱ्यात सरकली आणि सीटवर थाप मारून म्हणाली, “आजी, इथं बस.”

“तू हो पुढं. मी मागच्या रिक्षानं येते.”

तिला ते लगेच पटलं. कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बाहेर डोकं काढून मागे बघत होती, माझी रिक्षा अजून कशी येत नाही म्हणून.