गुरुजींच्या लॅपटॉपवर चाललं होतं

भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात माझ्या जागेवर चहा पीत होते. वहिनीला पहाटे मुलगी झाली होती, दिवस पुरते भरायच्या आधीच.

"आत्या झालीस, ताई! इवलीशी आहे, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलंय," तो म्हणाला. "आणि पेटी कुणाची माहितीये? तुमच्या कंपनीची! कालच नवीन सॉफ्टवेअर टाकलंय म्हणे. मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या बहिणीनं केलंय ते."

मला आनंद झाला आणि, खोटं कशाला बोलू, थोडी मानही ताठ झाली. त्या पेट्यांचं सॉफ्टवेअर शेवटचं बांधून रुग्णालयांकडे धाडणं हे माझं काम. पण त्यातली खरी अवघड दुरुस्ती माझी नव्हती. "ती आमच्या गुरुजींची," मी भावाला म्हटलं. "थांब, त्यांच्या नावानिशी नोंदीचा फोटोच पाठवते तुला."

गुरुजी काही शिक्षक नव्हेत. आमच्यातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर, येताजाता प्रवचन झोडतात म्हणून ते नाव पडलं. दुरुस्ती अशी होती: बाळाच्या पोटावर एक सेन्सर पट्टीनं चिकटवतात. पट्टी सुटली की सेन्सर बाळाऐवजी हवा मोजतो, पेटीला वाटतं बाळ गारठलंय, आणि ती तापत राहते. अलार्म वाजत नाही, कारण पेटीच्या मते सगळं ठीक चाललेलं असतं. म्हणून नर्सना आमची सक्त सूचना होती की दर तासाला पट्टी हातानं तपासायची. गुरुजींनी सुटलेली पट्टी ओळखणारा कोड लिहिला. मी स्वतः त्यांच्या लॅपटॉपला पेटी जोडली, पट्टी उपटली, आणि पेटीनं बोंब ठोकली. नव्या सॉफ्टवेअरबरोबर आम्ही ती सूचना मागे घेतली.

आमच्या सगळ्यांचं काम जिथे जमा होतं त्या सर्व्हरवर कुणी कधी काय बदललं ते ओळीनं दिसतं. मी ती यादी उघडली. गुरुजींची दुरुस्ती दिसेना. मी चुकीच्या ठिकाणी बघतेय असं वाटून सगळं पुन्हा ताजं उतरवून घेतलं. तरी नव्हती.

आमच्या कामाची रीत बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर कोडचं अख्खं कोठार असतं, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या बदलांसकट. ज्या फाइलींवर आपण हात चालवतो, त्या म्हणजे कोठारातून वर काढलेली नुसती कामाची प्रत. बदल पक्का केला, म्हणजे कमिट केला, की तो आपल्याच कोठारात जाऊन बसतो. सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो, तिथे तो वेगळा पाठवावा, म्हणजे पुश करावा लागतो. गुरुजींना याचाच कोण अभिमान! नेट गेलं तरी माझं काही अडत नाही, म्हणायचे. कमिट केलं की ऑफिसातल्या फळ्यावरची त्या कामाची चिठ्ठी 'झालं'च्या रकान्यात सरकवायचे आणि पाठवायचे मात्र मनाला येईल तेव्हा. "तुमचा लॅपटॉपच गेला तर?" असं मी एकदा विचारलं होतं. "आत्याबाईला मिशा असत्या तर?" असं त्यांचं उत्तर. सगळे हसले होते, मीही हसले होते.

गुरुजी रजेवर, बहिणीकडे गेले होते. मी फोन लावला.

"गुरुजी, पट्टीची दुरुस्ती कुठेय?"

"कुठे म्हणजे? झाली की. कमिट केलीय. तूच तपासलीस ना?"

"पुश केलीत का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. "केली असेल ना," ते म्हणाले. "थांब, लॅपटॉपवर बघतो. नव्यावर सर्व्हरवरूनच सगळं उतरवून घेतलंय, म्हणजे असणारच."

"नव्यावर? आणि जुना?"

"माझा बदलून दिला ना परवा. जुना जमा केला." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "अगं, मीच पुसला तो. माझ्या हातानं. म्हटलं, सर्व्हरवर सगळं आहेच."

मला त्यांचा इतका राग आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. आणि त्याहून जास्त माझा आला. तपासली ती त्यांच्या कोठारातली प्रत, आणि बांधून धाडली ती सर्व्हरवरची. मी फळ्यावरची चिठ्ठी वाचली होती आणि सर्व्हर बघितलाच नव्हता. म्हणजे दोष पेट्यांमध्ये जसाच्या तसा होता, आणि हात लावून बघणारी नर्स तेवढी आम्ही काढून घेतली होती.

मी भावाला फोन लावला. "नर्सबाईंना सांग, बाळाच्या पोटावरची पट्टी हातानं बघा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पण स्क्रीनवर सगळं हिरवं..."

"स्क्रीन गेली खड्ड्यात! पळ!"

त्याच्या चपलांचा आवाज आला, दार आपटलं, मग नुसतीच गडबड. माझं ओरडणं ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले होते. मी फोनवर हात ठेवून त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"कुणाला काही बोलू नकोस," ते दबक्या आवाजात म्हणाले. "गुरुजींना बोलावून घेऊ. संध्याकाळपर्यंत परत लिहून होईल, गुपचूप पाठवून देऊ. उगाच बोभाटा नको."

"ताई," फोनमधून भाऊ बोलला. तो रडत होता. "पट्टी सुटलेली होती. लालभडक झालीय गं पोर. बाहेर काढलंय. रडतेय, मोठ्यानं रडतेय."

मीही रडायला लागले. रडतेय म्हणजे जिवंत आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"नर्सबाई विचारतायत, तुला तिथे बसून कसं कळलं? आणि बाकीच्या पेट्यांचं काय?"

साहेब समोर उभे राहून मानेनं 'नको, नको' करत होते. त्यांनाही दोन मुली आहेत. माझी भाची वाचली ती तिची आत्या या कंपनीत आहे म्हणून. बाकीच्या बाळांचं इथे कोण होतं?

"सगळ्या पेट्या बघायला सांग," मी म्हणाले. "नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती दुरुस्ती नाहीच म्हणावं. माझं नाव सांग."

"वेडबिड लागलंय का तुला?" साहेब ओरडले. "इतक्या ठिकाणी गेलंय ते! कुणाकुणाला सांगत बसणार आहेस?"

"सगळ्यांना."

रुग्णालयांचे नंबर माझ्याकडेच होते. मी पहिला लावला, थेट नवजात बाळांच्या विभागाचा. रिंग वाजत राहिली आणि आपोआप तुटली. पुन्हा लावला. साहेब खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. तिकडे फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं.