डाळिंबी कॉन्टेसा

सोनू झोपली की मी आधी ड्राय बाल्कनीची फरशी ओल्या फडक्याने पुसते. धूळ बसायला हवी. मग दार लावते, खालच्या फटीत ओला टॉवेल सारते, मास्क चढवते आणि कॉम्प्रेसर सुरू करते. वॉशिंग मशीनवर एक फळी टाकली की माझं टेबल तयार. कॉम्प्रेसरच्या घरघरीने बाळ उठेल अशी आनंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काळजी होती. झालं उलटंच. आवाज चालू असला की ती गाढ झोपते, बंद केला की चुळबुळ करते.

मी छोट्या गाड्या रंगवते, तळहातावर मावतील अशा. लग्नाआधीपासून. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी पिचकारी; खटका खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. रंग दुधाइतका पातळ करायचा असं सगळे सांगतात. पूर्वी माझा अंदाज चुकायचा. आता दिवसभर दुधाशीच गाठ असते, त्यामुळे चुकत नाही.

सोनूच्या वेळी डॉक्टरांनी थिनरपासून लांब राहायला सांगितलं आणि सगळं खोक्यात गेलं. ते खोकं पुन्हा उघडलं ते पियुषमुळे. पियुष आमच्या मॉडेल बनवणाऱ्यांच्या ग्रुपमधला. दरवर्षी तो कोथरूडला हॉल घेऊन मॉडेलांचं प्रदर्शन भरवतो. त्याने फोन केला, तुझा एअरब्रश पडूनच असेल तर मला दे म्हणाला. तसला ब्रश आता बाजारात मिळत नाही. मी म्हटलं, प्रदर्शन होऊ दे, मग सांगते. मनात मात्र ठरवलं, एक गाडी करायची. ती चांगली होऊनही मला काही वाटलं नाही, तर ब्रश देऊन टाकायचा आणि तो विषय संपवायचा.

कारण सोनू झाल्यापासून मला काही वाटतच नव्हतं. दुःख असतं तर सांगता आलं असतं. दात काढताना भूल दिली की ओढलेलं कळतं पण दुखत नाही, तसं. तिच्या मानेच्या वळीत पावडर साचते ती मी बोटाने टिपून घेते. झोपेत तिची नखं कापते, एकेक बोट माझ्या चिमटीत धरून. टाळूवर हात ठेवला की खाली धकधक लागते, तिथून हात लवकर काढवत नाही. सगळं नीट करते. फक्त ते करताना मी तिथे नसते. डॉक्टरांना म्हटलं थकवा वाटतो, तर त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आनंद म्हणाला, दुसऱ्या कोणाला दाखवू. तेही मी प्रदर्शनानंतर बघू म्हणून पुढे ढकललं.

गाडी निवडली जुनी कॉन्टेसा. लांब बॉनेट, सपाट, त्यावर रंगाची एकही चूक लपत नाही.

रंग सरळ गाडीवर मारत नाहीत. आधी आइस्क्रीमच्या प्लास्टिक चमच्यांच्या पाठीवर मारून बघतात. मी एकावर खाली चंदेरी मारला, एकावर सोनेरी, एकावर काळा, आणि सगळ्यांवर तोच पारदर्शक लाल. प्रत्येक चमचा वेगळा दिसायला लागला. ते चिमटे लावून दोरीवर टांगले होते, सोनूच्या झबल्यांच्या शेजारी. सासूबाई कपडे वाळत घालायला आल्या आणि त्यांनी विचारलं, एवढं आइस्क्रीम कोणी खाल्लं, आम्हाला नाही बोलावलं.

सासूबाई, तुळजाबाई, बार्शीच्या. बाळंतपणाला आल्या त्या बिबवेवाडीच्या या दोन खोल्यांत अजून आहेत. पहिले काही दिवस त्यांना माझा हा उद्योग म्हणजे पिचकारीचा खेळ वाटत होता. चमचे बघितल्यावर मात्र त्या थांबल्या. एकेकाला बोट दाखवत म्हणाल्या, हा आमसुली, हा राणी, आणि हा डाळिंबी. डाळिंबी म्हणजे सोनेरीवरचा. मी तोच घेतला.

एरवी शेवटचा चकाकीचा थर मी लॅकरचा देते. तो कडक होतो आणि लवकर वाळतो, पण वास घरभर फिरतो. सोनूमुळे या वेळी पाण्यात मिसळणारा वापरला. त्याचा वास नाही, पण तो वरून वाळला तरी आतून बरेच दिवस मऊ राहतो. त्याला हात लावायचा नसतो. केकचा पारदर्शक डबा गाडीवर पालथा घालून ठेवला आणि आनंदला सांगितलं, याला कोणी हात लावू नका. सासूबाईंना वेगळं सांगायचं राहिलं.

शुक्रवारी दुपारी डबा उचलून बघितलं. बॉनेटमध्ये खिडकीचे गज दिसत होते, एकही वाकडा नव्हता. लालाच्या आत कुठेतरी खोल सोनेरी होतं. लग्नाआधीही माझ्या हातून असं काम झालं नव्हतं, हे मला कळत होतं. एखाद्याच्या गाडीचा नंबर वाचावा तसं कळत होतं. मी थोडा वेळ उभी राहिले, मनात काही येतंय का म्हणून. मग पियुषला मेसेज टाकला, रविवारी गाडीबरोबर एअरब्रशही आणते. त्याने अंगठा पाठवला. मी डबा पुन्हा पालथा घातला आणि सोनूशेजारी जाऊन आडवी झाले.

उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. सासूबाई बाल्कनीत कपडे काढत होत्या. डबा जरा तिरका बसला होता. मी वाकून बघितलं तर बॉनेटच्या डाव्या बाजूला, दिव्याच्या वर, काळा ठिपका. घरच्या तुपातलं काजळ. कडेने बोटावरच्या रेषासुद्धा उमटलेल्या.

"आई, हे काय आहे?"

"तीट लावली," त्या चिमटे डबीत टाकत म्हणाल्या.

बाळाच्या गालाला लावावी तशी, मधोमध न लावता कडेला. नेमकी बघून.

आधी कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मला कळलंच नाही काय होतंय. मग तोंडातून निघालं, "कोणाला विचारून हात लावलात? ते आतून ओलं आहे. तूप आत जातं त्याच्या. परवा न्यायची आहे मला ही. गाडीला कसली नजर लागते?"

एवढ्या मोठ्याने मी या घरात कधी बोलले नव्हते. आत सोनू दचकून रडायला लागली.

सासूबाई गेल्या, तिला खांद्यावर टाकून परत आल्या. मला वाटलं आता डोळ्यांना पदर लावतील. त्या तिला थोपटत राहिल्या.

"गाडीला नाही लागत, हाताला लागते," त्या म्हणाल्या. "तू झोपली होतीस. मी कपडे काढायला आले आणि बघतच उभी राहिले. म्हणलं माझीच लागायची. म्हणून लावली."

"पण विचारायचं ना मला."

"चुकलं."

मी गाडी उचलली, उजेडात तिरकी धरली. ठिपक्याखालचा थर सुरकुतला होता. मला ती गाडी हवी होती, अख्खी, होती तशी, आत्ता. किती हवी होती ते दुपारी तिच्याकडे बघताना समजलं नव्हतं.

"राग आला?" सासूबाईंनी विचारलं.

"आला."

"येऊ दे. मागच्या महिन्यात मी दोनदा भाजीत मीठच घातलं नाही, मुद्दाम. तू गपगुमान जेवलीस. आनंदने पानात वरून घेतलं, तू तेही नाही. तेव्हा भ्यायले मी."

मी त्यांच्याकडे बघितलं. सोनू त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, पापण्या भिजून चिकटलेल्या. रडं थांबलं होतं. तिने असं मोठ्या आवाजातलं माणूस पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"आता काय करायचं त्याला?" सासूबाई म्हणाल्या.

मी सांगितलं. वरचा थर घासून काढायचा, मग लाल, मग पुन्हा चकाकी. रविवारपर्यंत वाळणार नाही. प्रदर्शनाला जाईल ती बॉनेटवर डाग घेऊन, नाहीतर जाणारच नाही.

"मग कर. हिला मी बघते."

त्यांनी दार ओढून घेतलं. मी सगळ्यात बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवला. तो भिजतोय तोवर फोन काढून पियुषला लिहिलं, ब्रश देत नाही. त्याने प्रश्नचिन्ह पाठवलं. त्याला काय सांगायचं ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. बॉनेटवर पाण्याचा थेंब सोडला आणि ठिपक्याभोवती हलक्या हाताने घासायला लागले. पाणी आधी काळपट झालं, मग तांबूस.

राग अजून गेला नव्हता. जाऊ नये असंच वाटत होतं. मी सावकाश घासत राहिले.