जनावर तोंड लावत नाही

मी मोगली एरंड बोलतोय. कुंपणाचं झाड. फांदी रोवा आणि विसरून जा, मी उभा राहतो. कुणापुढे हात पसरणं माझ्या स्वभावात नाही.

एकदा इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री आला. माझं वाळलेलं बोंड फोडून त्यानं काळ्या बिया मालकाच्या तळहातावर ठेवल्या.

"याच्या तेलावर तुझं इंजिन चालेल. डिझेलसाठी डबा घेऊन वणवण नको."

"आणि राखण?"

"राखण कशाला? जनावर तोंड लावत नाही याला."

मालक खूश झाला. मीही फुगलो. माझं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं.

माझ्याच फांद्या त्यानं माळावर ओळीनं लावल्या. तिसऱ्या वर्षी बोंडं लगडली. मालकीण गोठ्याशेजारी बिया सोलत बसायची. तिची गाय मागून तिच्या खांद्यावर मान टाकायची. ती वासरू असताना तिची आई मेली, तेव्हा मालकिणीनंच तिला बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं.

"माझा चहा राहू दे, आधी लेकीचं बघ," मालक टोमणा मारायचा.

"ती तुमच्यासारखी कुरकुरत तरी नाही."

तेल निघालं. मिस्त्रीनं त्यावर प्रक्रिया करून ते गाळलं, इंजिनात ओतलं. इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि धडधडू लागलं. पाटाला पाणी आलं. मालकानं इंजिनालाच सलाम ठोकला.

घाण्याखाली पेंड उरली. पेंड म्हटली की गोठ्यात जायची. मालकिणीला दुसरी वाट ठाऊक नव्हती. गायीनं हुंगून तोंड फिरवलं.

"नखरे कसले? घरची आहे," म्हणत तिनं कोंडा आणि गूळ कालवला.

माझं विष गुळानं मरत नाही. मी फांद्या हलवल्या. तिला वारा वाटला.

गायीनं खाल्लं. मालकिणीच्या हातचं होतं ना.

दोन दिवस गाय तडफडली. तिसऱ्या दिवशी उठलीच नाही.

"मी बोललो होतो," मिस्त्री खाली बघत म्हणाला, "जनावर तोंड लावत नाही म्हणून."

"ते तू कौतुकानं बोललास," मालक म्हणाला. "विष आहे, असं कुठं म्हणालास?"



मालकानं माळावरची सगळी झाडं तोडली. मग कुऱ्हाड घेऊन कुंपणाशी आला. मालकीण आडवी आली.

"त्याला कशाला मारता? तिनं तोंड फिरवलं होतं. मीच ऐकलं नाही."

म्हणून मी उरलो.

माझं तेल काढा, इंजिनं चालवा. मी नाही म्हणत नाही. पेंड मातीत घाला, खत होईन. पण ती गोठ्यात नेऊ नका. आणि घरात जिच्या हाती दावण आहे, तिला मी विष आहे हे सरळ शब्दांत सांगा.

इंजिन गप्प आहे. संध्याकाळी मालकीण धार काढायची चरवी घेऊन बाहेर येते. गोठ्याच्या दारात तिला आठवतं, गाय नाही. मग ती माझ्यापाशी येते, चरवी विसळते आणि ते पाणी माझ्या मुळाशी ओतते.

मी कधी मागितलं नव्हतं.