दारापाशी थांबलेलं नाटक

मित्रांनो, कतारच्या दोहा शहरात, फरीज बिन ओमरान भागातल्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या खणात जो काळा डबा धूळ खात पडलाय ना, तो मी. मी एक जुना व्हीसीआर आहे. पोटात कॅसेट ढकलली की टीव्हीवर चित्र दाखवायचं, हे माझं काम. जन्माने मी जपानी, पण माझं मराठी तुमच्यापेक्षा बरं आहे, कारण आयुष्यभर मी नाटकंच पाहिली.

१९९८ साली संजीवरावांनी मला घरी आणलं. त्यांच्या पत्नी विभावरीताई. ताईंचा भाऊ नाशिकला. तिकडे टीव्हीवर दर आठवड्याला कधी एखादं नाटक, कधी नाट्यगीतांची मैफल लागे. भाऊ ते सगळं टेप करायचा आणि दोह्याला येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत कोंबून द्यायचा. विमानतळावर कॅसेट तपासणीसाठी ठेवून घेत. त्या सुटून येईपर्यंत ताईंच्या जिवात जीव नसे. मग शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, शेजारीपाजारी जमत. चहा, पोहे आणि मधोमध मी. काय रुबाब होता माझा! संजीवराव मला स्वतःच्या रुमालाने पुसत.

शेजारच्या हमिदाभाभी सगळ्यांच्या पुढे बसत. त्या मूळच्या राजापूरच्या. त्यांचे यजमान इनायतभाई सूक वाकिफ बाजारात कापडाच्या दुकानात होते. मुलगी सायरा मुंबईत. तिने आईला न विचारता लग्न केलं, म्हणून भाभींनी तिच्याशी अबोला धरला होता.

एकदा एक नवीन नाटक आलं. रागाच्या भरात जिच्याशी नातं तोडलं, त्या मुलीला शोधत एक म्हातारा गवई तिच्या दारापाशी येतो, कडी वाजवायला हात उचलतो, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या! भावाने अर्धी कॅसेट आधीच गाण्यांनी भरली होती. शेवटाला टेप पुरली नाही.

"खलास!" इनायतभाई म्हणाले.

"खलास कसा? पुढे काय झाला गो, विभावरी?" भाभी कळवळल्या.

ताईंना ठाऊक नव्हतं. बोलणी मात्र मला बसली, मशीन बिघडलं म्हणून.

त्यानंतर भाभी दर शुक्रवारी तेच नाटक लावायला सांगत आणि ओढणीने डोळे पुसत. शेवटी ताईंची आठ वर्षांची ओवी वैतागली. "मावशी, ऑब्व्हियसली तो नॉक करतो! नाहीतर एवढ्या लांब आला कशाला?"

 भाभींनी फोनकडे बोट दाखवत ताईंना म्हटलं, "सायराचा नंबर लाव गो."

पलीकडून "हॅलो" आलं. भाभी म्हणाल्या, "जेवलीस?" मी यंत्र खरं, पण मलाही भरून आलं.

पुढे २००४ मध्ये नाशिकहून तेच नाटक पुरतं टेप होऊन आलं. ताईंनी ते आधी एकटीने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हातारा दार न वाजवताच परत फिरत होता! नेमकी तेव्हा सायरा बाळाला घेऊन आईकडे आली होती. "व्हीसीआर बिघडलाय," ताई भाभींना म्हणाल्या. पुन्हा माझ्यावरच आळ! पण भाभी कसल्या ऐकतात? त्यांनी नाटक लावायला लावलंच.

शेवट झाला.  ताई खाली मान घालून बसल्या होत्या. भाभींनी मांडीवरच्या नातवाला नीट घेतलं आणि म्हणाल्या, "खुळा होता म्हातारा. बंद कर. सायरा, पोराला भूक लागलीय बघ."

आता माझ्या डोक्यावर डीव्हीडी प्लेअर बसलाय. त्याला बसू दे. मित्रांनो, मला अधूनमधून फडक्याने पुसा, एखादी कॅसेट घालून फिरवा, नाहीतर माझ्या पोटातले रबरी पट्टे आखडतात. आणि तुमचं कुणाशी भांडण झालं असेल, तर मोठं कोण, लहान कोण हे बघत बसू नका. आधी तुम्ही बोला.